पैसा अडतो तिथे सॉफ्टवेअर येतं

इंदूरच्या सांवेर रोडच्या औद्योगिक भागातून एका तरुण उद्योजिकेचा प्रश्न आला आहे. वडिलांचं कोरुगेटेड बॉक्सचं, म्हणजे लाटदार पुठ्ठ्याच्या खोक्यांचं, युनिट, वीस-पंचवीस माणसं, उलाढाल साडेचार कोटींच्या आसपास. हिशेब टॅली या सॉफ्टवेअरमध्ये, बाकी सगळं वहीत, मुनीमजींच्या डोक्यात आणि व्हॉट्सअ‍ॅपवर. एमबीए करून त्या धंद्यात आल्या आहेत आणि ईआरपी, म्हणजे खरेदी, स्टॉक, उत्पादन आणि हिशेब एकत्र सांभाळणारं सॉफ्टवेअर, बसवावं म्हणतात. बाबा म्हणतात, "इतकी वर्षं याच वहीवर धंदा चालला, आता काय अडलंय?" प्रश्न दोन पदरी आहे: आपल्याएवढे धंदे नवं तंत्रज्ञान मुळात घेतात कशामुळे, आणि बाबांना काय सांगावं?

तुमच्या बाबांनी योग्य तोच प्रश्न विचारला आहे. काय अडलंय? इंदूर, देवास, पीथमपूर या पट्ट्यातल्या लहान कारखान्यांत आणि पेढ्यांवर हिशेबाची आणि स्टॉकची सॉफ्टवेअरं बसवण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. "कार्यक्षमता वाढेल" हे ऐकून चेक फाडणारा मालक मला आजवर भेटलेला नाही. चेक फाडला जातो तो कुठेतरी पैसा अडला म्हणून. सरकारकडे कराचं क्रेडिट अडलं, गिऱ्हाइकाकडे पेमेंट अडलं, बँकेत कर्जाची लिमिट अडली, गोदामात माल अडला. जिथे घोडं अडतं तिथेच सॉफ्टवेअर आत येतं, आणि बाकीच्या खात्यांत वर्षानुवर्षं वहीच चालते. एकाच कारखान्यात बिलिंग अगदी आधुनिक आणि स्टोअरमध्ये पर्च्यांचा गठ्ठा, हे चित्र तुम्हाला जागोजाग दिसेल. यात विसंगती काही नाही. बिल अडलं तर पैसा अडतो हे मालकाला दिसतं. स्टोअरमध्ये अडलेला पैसा त्याला दिसत नाही, एवढाच फरक आहे.

अभ्यासकांनीही यावर बरंच काम केलं आहे. १९९५ साली इयाकोवू, बेनबासाट आणि डेक्स्टर या तिघांनी लहान कंपन्या ईडीआय का घेतात हे तपासलं. ईडीआय म्हणजे ऑर्डरी आणि बिलं एका कंपनीच्या संगणकावरून दुसरीच्या संगणकावर थेट पाठवण्याची पद्धत. त्यांनी तीन कारणं मांडली: फायदा दिसणं, अंगात तयारी असणं आणि बाहेरून दाब येणं. लहान कंपन्यांच्या बाबतीत व्यवहारातल्या मोठ्या भागीदारांचा दाब हे मुख्य कारण असतं, असं त्यांना आढळलं. तीस वर्षं झाली, तंत्रज्ञान पार बदललं, पण इंदुरात मला हेच दिसतं. फक्त मी त्यात एक गोष्ट जोडीन. दाबामुळे सॉफ्टवेअर दारातून आत येतं, पण टिकतं ते फायद्यावर. नुसत्या दाबाने आलेलं सॉफ्टवेअर मुनीमजी महिन्यातून एकदा, रिटर्नच्या तारखेला उघडतात.

दाबाचं सगळ्यात मोठं उदाहरण जीएसटी. १ जुलै २०१७ ला तो आला तेव्हा शहरातल्या कितीतरी पेढ्यांवर संगणक होता तो फक्त पत्रं टाइप करायला. त्याआधी मध्य प्रदेशात २००६ पासून व्हॅट होता, त्यातही खरेदीवर भरलेल्या कराचं क्रेडिट मिळायचंच, म्हणजे तेवढा कर विक्रीवरच्या करातून वजा व्हायचा. मग असं काय झालं की जो व्यापारी व्हॅटच्या काळात वकिलावर सगळं सोपवून निश्चिंत होता, तो जीएसटीत स्वतः सॉफ्टवेअर शोधत आमच्या दारात आला?

झालं ते असं. जीएसटीत नोंदणीकृत गिऱ्हाइकाला दिलेलं प्रत्येक बिल सरकारी पोर्टलवर चढतं आणि विकणाऱ्याने चढवलेलं बिल घेणाऱ्याच्या खात्यात दिसतं. २०२० च्या मध्यापासून दर महिन्याच्या १४ तारखेला घेणाऱ्याला किती क्रेडिट मिळेल हे दाखवणारं जीएसटीआर-२बी नावाचं पत्रक तयार होऊ लागलं, आणि १ जानेवारी २०२२ पासून कायद्यातच लिहिलं गेलं की विकणाऱ्याने आपल्या विक्रीच्या पत्रकात, जीएसटीआर-१ मध्ये, बिल दाखवलं आणि ते घेणाऱ्याच्या २बी मध्ये उतरलं, तरच त्याला क्रेडिट. म्हणजे तुम्ही बिल चढवायला विसरलात तर नुकसान तुमच्या गिऱ्हाइकाचं. तो तुम्हाला फोन करतो, पेमेंट थांबवतो, दुसऱ्यांदा तेच झालं तर पार्टी बदलतो. कर खात्याला प्रत्येक दुकानात इन्स्पेक्टर पाठवता आला नसता. त्याने प्रत्येक गिऱ्हाइकालाच तपासनीस करून टाकलं. व्हॅटमध्ये चूक झाली तर नोटीस येईपर्यंत वर्षं जायची, तेवढ्यात वकील काहीतरी मार्ग काढायचा. इथे पुढच्या महिन्याच्या १४ तारखेला गिऱ्हाइकाच्या अकाउंटंटचा आवाज ऐकू येतो. सियागंज काय आणि महाराजा तुकोजीराव क्लॉथ मार्केट काय, जुन्या बाजारांतली सॉफ्टवेअरची लाट या फोनने आली असं माझं ठाम मत आहे. जाहिरातींचा वाटा त्यात फार थोडा.

पाठोपाठ ई-वे बिल आलं. १ एप्रिल २०१८ पासून पन्नास हजारांवरचा माल राज्याबाहेर पाठवायचा तर आधी पोर्टलवर नोंद. गाडी भरून उभी आहे, ड्रायव्हर हॉर्न वाजवतोय आणि बिल हाताने लिहिलेलं असल्यामुळे तीच माहिती पोर्टलवर पुन्हा भरावी लागतेय, हे रोज संध्याकाळी घडू लागलं की मालक स्वतःच विचारतो, "बिलातूनच ई-वे निघेल असं काही नाही का?" मग ई-इन्व्हॉइस, म्हणजे बिलाचीच पोर्टलवर नोंद. ऑक्टोबर २०२० मध्ये पाचशे कोटींवर उलाढाल असलेल्या कंपन्यांपासून सुरुवात झाली, आणि टप्प्याटप्प्याने ती रेषा शंभर, पन्नास, वीस, दहा अशी खाली येत १ ऑगस्ट २०२३ पासून पाच कोटींवर आली. तुमच्यासाठी हा आकडा महत्त्वाचा आहे. २०१७-१८ पासूनच्या कोणत्याही एका आर्थिक वर्षात उलाढाल पाच कोटींच्या वर गेली की पुढे नोंदणीकृत गिऱ्हाइकाला दिलेलं प्रत्येक बिल पोर्टलवरून आयआरएन हा नोंदणी क्रमांक आणि क्यूआर कोड घेऊनच निघायला हवं, मग नंतर उलाढाल कमी झाली तरीही. साडेचार कोटींचं युनिट एका चांगल्या सीझनमध्ये ही रेषा ओलांडतं. टॅलीतूनच बिल निघत असेल तर हे अवघड नाही. पण आज तुमच्याकडे आधी चलनबुकावर हाताने चलन, म्हणजे माल पाठवल्याची चिठ्ठी, आणि रात्री मुनीमजी टॅलीत बिल चढवतात असं चालत असेल, आणि बहुतेक युनिटांत असंच चालतं, तर तो क्रम उलटा करावा लागेल. माल गेटबाहेर पडण्याआधी बिल तयार पाहिजे. हा बदल सॉफ्टवेअरचा कमी आणि गेटवरच्या माणसाच्या सवयीचा जास्त आहे, म्हणून तो आत्ताच, उलाढाल रेषेच्या खाली आहे तोवर करून घ्यावा.

दुसरा दाब मोठ्या गिऱ्हाइकांचा. पीथमपूरला वाहनांचे मोठे कारखाने आले आणि भोवती सुटे भाग बनवणारी लहान युनिटं उभी राहिली. या युनिटांत संगणक कसा आला ते मी जवळून पाहिलं आहे. मोठा कारखाना सांगतो की आमचं शेड्यूल पोर्टलवर बघा, माल निघण्याआधी त्याची सूचना पोर्टलवर टाका, प्रत्येक पेटीवर आमच्या नमुन्याचं बारकोड लेबल लावा; नाहीतर गाडी गेटवर उभी राहील. इथे फायदा-तोट्याची चर्चाच नसते. काम हवं तर हे करा. तुम्ही बॉक्स पुरवता ती औषधाची किंवा नमकीनची कंपनी उद्या हेच मागेल, आज नाही तर दोन वर्षांनी. अशा सक्तीत एक धोका आहे आणि तो मी वारंवार पाहतो. युनिटवाला फक्त त्या एका गिऱ्हाइकापुरता एक मुलगा नेमतो, तो मुलगा पोर्टल बघून वहीत उतरवतो आणि वहीतून परत पोर्टलवर चढवतो. खर्च पुरा, फायदा शून्य. बाहेरून सक्ती आलीच आहे, तर ती माहिती आपल्या स्टॉकच्या नोंदीला जोडून घेणारा मालक विरळा, आणि पुढे वाढतो तो हाच.

आता दाबाशिवाय, स्वतःच्या गरजेने सॉफ्टवेअर घेणारे. यासाठी इंदूरचे दोन बाजार शेजारी ठेवून बघा. दवा बाजारात होलसेलर संगणकावर गेले ते किराण्याच्या सियागंजच्या कितीतरी आधी. जीएसटी तेव्हा कुणाच्या स्वप्नातही नव्हता. कारण मालाचं स्वरूप. औषधाच्या एका होलसेलरकडे हजारो आयटम, प्रत्येकाचे वेगवेगळे बॅच, प्रत्येक बॅचची वेगळी एक्स्पायरी आणि वेगळी छापील किंमत. वर दहावर एक फ्री अशा स्कीमा. एक्स्पायरीचा माल कंपनीला वेळेत परत केला नाही तर क्लेम बुडतो. कितीही हुशार मुनीम आणा, हे डोक्यात मावत नाही. म्हणून ‘मार्ग’सारखी बॅच आणि एक्स्पायरी सांभाळणारी सॉफ्टवेअरं तिथे आपल्या पायांनी चालत आली. सियागंजमध्ये साखर, चहा, मसाले, सुका मेवा. आयटम मोजके, भाव रोज सकाळी ठरणारा, गिऱ्हाईक पिढ्यान्‌पिढ्यांचं. तिथला जुना मुनीम संगणकापेक्षा जलद होता आणि मालकाला संगणक नको होता यात काहीच मागासलेपण नव्हतं. दोन्ही बाजारांतली माणसं तितकीच चतुर. अडचण वेगळी होती, म्हणून उत्तर वेगळं निघालं. "आपले लोक नवं काही घेतच नाहीत" असं कुणी म्हटलं की मी हे उदाहरण देतो.

टॅलीची जन्मकथाही अशीच आहे, आणि तुम्हा बाप-लेकीला ती जवळची वाटेल. श्यामसुंदर गोयंका कापड गिरण्यांना आणि इतर कारखान्यांना कच्चा माल आणि मशीनचे भाग पुरवायचे. आपल्या धंद्याचा हिशेब सांभाळेल असं सॉफ्टवेअर त्यांना मिळेना, म्हणून त्यांनी मुलाला, भरत गोयंकांना, ते लिहायला सांगितलं. १९८६ ची गोष्ट. अडलं होतं बापाचं, लिहिलं मुलाने. ते देशभर पसरलं याचं एक कारण मला हेही वाटतं की ते प्रोग्रामरच्या नजरेतून न बनता व्यापाऱ्याच्या नजरेतून बनलं. व्हाउचर, लेजर, उधारी हे शब्द आणि हा क्रम दुकानदाराच्या ओळखीचा होता.

यूपीआय आणि व्हॉट्सअ‍ॅप तर कुणी शिकवायला न येता पसरले. यूपीआय एप्रिल २०१६ मध्ये आलं, नोव्हेंबरमध्ये नोटबंदी झाली आणि रोख अडली. पण रोख परत आल्यावरही छप्पन दुकानवरचा किंवा सराफ्यातला खाऊवाला क्यूआर काढून टाकत नाही, यामागे दाबापेक्षा सोय आहे. जानेवारी २०२० पासून बँक खात्यातून केलेल्या यूपीआय पेमेंटवर दुकानदाराकडून कमिशन घेता येत नाही. आणि त्याहून मोठी करामत त्या बोलक्या डब्याची. गरम तेलासमोर उभ्या असलेल्या माणसाचे हात रिकामे नसतात, त्याला मोबाइल बघायचा नसतो; गर्दीत खोटा स्क्रीनशॉट दाखवून जाणारे असतात; गल्ल्यावर नोकर असतो. पैसे आल्याचं डबा मोठ्याने बोलला की मालक मागे भट्टीवर असला तरी ऐकतो. हे ज्याने बनवलं त्याला दुकान कसं चालतं ते कळलं होतं. तुमच्या कारखान्यात काहीही आणाल तेव्हा हीच कसोटी लावा: ज्याचे हात कामात आहेत त्याला ते वापरता येईल का?

व्हॉट्सअ‍ॅपबद्दल थोडक्यात. ते फुकट आहे, गिऱ्हाईक आधीच तिथे आहे, शिकावं लागत नाही, म्हणून ऑर्डरी तिथे येतात आणि येतच राहतील. फक्त ऑर्डर सेल्समनच्या खासगी नंबरवर येत असेल तर तो सोडून गेला की गिऱ्हाईकही त्याच्या खिशात जातं. नंबर फर्मचा असावा आणि ऑर्डर त्याच दिवशी रजिस्टरला लागावी. एवढं पुरे.

मग इतक्या गोष्टी घेणारा मालक ईआरपीला का अडखळतो? कारण पैशाचं असतं असं सगळे समजतात. माझ्या मते पैसा तिसऱ्या क्रमांकावर आहे.

पहिलं कारण कुणी बोलून दाखवत नाही: उघडं पडण्याची भीती. कच्च्याचं काम हा एक भाग झाला. जिथे काही माल बिलाशिवाय जातो तिथे खरा स्टॉक दाखवणारी यंत्रणा कुणालाच नको असते. पण सगळं पक्क्यात करणाऱ्यालाही संकोच असतो. कुठल्या पार्टीला काय भाव दिला, कुणावर किती मार्जिन, कुणाची उधारी सोडून दिली, हे मालकाचं खासगी शहाणपण असतं. ते स्क्रीनवर आलं की दोन ऑपरेटर, एक सेल्समन आणि सॉफ्टवेअरवाला सगळ्यांना दिसणार. ही भीती अगदी खरी आहे आणि तिला हसू नये. तिला उत्तर आहे: कुणाला कुठला पडदा दिसेल हे ठरवून देता येतं आणि ते पहिल्याच दिवशी मालकासमोर करून दाखवावं लागतं.

दुसरं कारण मुनीमजी, किंवा स्टोअर सांभाळणारे काका. वीस वर्षं ज्याच्या डोक्यात सगळं आहे त्याचं वजन त्या डोक्यामुळे आहे. सॉफ्टवेअर आलं की ते वजन उतरतं, आणि त्याला हे आपल्या आधी कळतं. तो विरोध करत नाही. तो म्हणतो, "हो हो, टाकतो," आणि टाकत नाही. ज्या युनिटांत मुनीमजींनाच नव्या यंत्रणेचा मुखत्यार केलं, आयटमची नावं त्यांच्याकडून ठरवून घेतली, पगारही थोडा वाढवला, तिथे काम झालं. जिथे त्यांना डावलून बाहेरचा हुशार मुलगा आणला तिथे सहा महिन्यांत वही परत आली.

आयटमच्या नावांवरून एक प्रसंग सांगतो, कारण "तयारी" म्हणजे काय ते त्यात दिसेल. नमकीनच्या एका कारखान्यात पॅकिंग मटेरियलचा स्टॉक कधीच जुळत नव्हता. चोरीचा संशय होता. आम्ही खरेदी, स्टोअर आणि पॅकिंग, तिन्ही ठिकाणच्या वह्या टेबलावर शेजारी उघडल्या. लौंग सेवेच्या दोनशे ग्रॅमच्या एकाच रोलला खरेदीत सप्लायरच्या बिलावरचं लांबलचक इंग्रजी नाव होतं, स्टोअरमध्ये "लाल रोल" आणि पॅकिंगवाले त्याला नुसतं "दो सौ" म्हणत. मधल्या काळात कंपनीने पाउचचा रंग बदलला होता, त्यामुळे स्टोअरमधले दोन वेगळेच रोल आता "लाल" होते. चोरी झालीच नव्हती. कुठलंही सॉफ्टवेअर याच्यावर बसवलं असतं तरी त्याने चुकीचा स्टॉक सुबक छापून दिला असता. म्हणून माझ्या कामाचा मोठा भाग संगणक सुरू व्हायच्या आधीचा असतो: एका वस्तूला एक नाव, आणि ते नाव कामगाराच्या तोंडी बसेल असं. आपल्याकडे घरात मराठी, शॉपफ्लोअरवर माळवी हिंदी आणि बिलावर इंग्रजी. नाव ठरवताना शॉपफ्लोअरची भाषा जिंकली पाहिजे, कारण नोंद तिथे होते.

सॉफ्टवेअर येण्यामागे घरातलं कारणही असतं. दोन भावांची वाटणी जवळ आली की वर्षानुवर्षं न आलेलं सॉफ्टवेअर आठवड्यात येतं, कारण दोघांनाही रोजचा आकडा हवा असतो. पुढची पिढी धंद्यात आली की येतं. तुमच्याकडे आज तेच घडतंय.

आता तुमचं युनिट. बाबांना ईआरपी हा शब्दच सांगू नका. त्यांना एवढंच विचारा: पेपर किलोने येतो आणि बॉक्स नगाने जातो, या दोहोंच्या मध्ये किती जातं ते आपल्याला माहीत आहे का?

उदाहरण घ्या. पाच प्लायचा, म्हणजे पाच थरांचा बॉक्स, सगळे थर १५० जीएसएमचे, म्हणजे चौरस मीटरला १५० ग्रॅम कागदाचे. तीन सपाट लायनर झाले ४५० ग्रॅम. मधले दोन लाटदार थर म्हणजे फ्लूट, पण लाटांमुळे त्यांना सपाट लांबीपेक्षा जास्त पेपर लागतो, १.४ पट धरा, म्हणजे ४२० ग्रॅम. एका चौरस मीटरला ८७० ग्रॅम. भाव याच हिशेबावर दिला जातो. पण मिलमधून आलेला रील प्रत्यक्षात १५६ जीएसएमचा निघाला तर? तोच चौरस मीटर जवळजवळ ९०५ ग्रॅम पेपर खातो. म्हणजे सरळ चार टक्के जास्त कागद, आणि बॉक्सचा भाव तोच. गिऱ्हाइकाने मागितलेली मजबुती १५० मध्येच मिळत होती, त्यामुळे जास्तीच्या कागदाचे कुणी पैसे देत नाही. वहीत हे कधीच दिसणार नाही, कारण वहीत रील "टन" म्हणून येतो आणि "संपला" म्हणून जातो. यात अजून कडा कापताना जाणारं ट्रिमचं वेस्टेज, मशीन सेट करताना गेलेल्या शीट, उरलेले अर्धे रील धरलेलेच नाहीत.

म्हणून कारखान्याच्या आतली सुरुवात रीलपासून. प्रत्येक रीलला नंबर, त्यावर वजन, डेकल (रुंदी), जीएसएम, बीएफ (कागदाची मजबुती), मिलचं नाव आणि भाव. कुठल्या जॉबला लावला, किती उरला. जॉब संपला की किती किलो गेला आणि किती नग निघाले. एवढ्याला महागडं काही लागत नाही; पहिला महिना एक्सेलवर निघतो. दर शनिवारी एक आकडा बाबांसमोर ठेवा: हिशेबाने इतका पेपर लागायला हवा होता, लागला इतका. यावर भाषण देऊ नका. ते धंद्यात मुरलेले आहेत, आकडा पाहून कोणत्या मिलला फोन करायचा आणि कोणत्या ऑपरेटरला बोलवायचं हे त्यांना तुमच्यापेक्षा आणि माझ्यापेक्षा जास्त कळतं.

तुमच्या धंद्यात पैसा अडण्याची आणखी एक जागा अलीकडेच तयार झाली आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून कोरुगेटेड बॉक्सवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के झाला आणि क्राफ्ट पेपरवरचा १२ वरून १८. खरेदीवर १८ भरायचे आणि विक्रीवर ५ घ्यायचे, म्हणजे क्रेडिट महिन्यागणिक साचत जाणार. ते परत मिळतं, पण त्यासाठी रिफंडचा अर्ज करावा लागतो आणि खरेदीचं प्रत्येक बिल २बी मध्ये दिसावं लागतं. एका पेपर मिलने किंवा डीलरने बिल चढवलं नाही की तेवढा रिफंड अडला. खरेदीची नोंद आणि २बी यांची जुळवणी आजवर सीए वर्षातून एक-दोनदा करत असतील. आता ती तुम्हीच दर महिन्याला करायला हवी. टॅलीत ती सोय आहे, फक्त खरेदीची बिलं आल्या दिवशी चढायला हवीत. खेळत्या भांडवलावर चालणाऱ्या युनिटसाठी माझ्या दृष्टीने हे आजचं सगळ्यात निकडीचं काम आहे, रीलच्याही आधी.

तिसरी जागा उधारी. तुम्ही उत्पादक आहात, सरकारच्या उद्यम पोर्टलवर सूक्ष्म किंवा लघु म्हणून नोंद असेल, तर १ एप्रिल २०२४ पासून आयकराचा ४३बी(एच) म्हणून ओळखला जाणारा नियम तुमच्या बाजूने आहे. लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत, नसेल तर १५ दिवसांत तुमचं पेमेंट झालं नाही, तर प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत गिऱ्हाइकाला तो खर्च आयकरात धरता येत नाही. बिलावर उद्यम नंबर छापा आणि मार्चच्या आधी प्रत्येक पार्टीला बिलवार थकबाकीचं पत्रक पाठवा. बाबांना मैत्रीत मागायला अवघड वाटतं ते पत्रक मागतं. बँकेला दर महिन्याला द्यायचं स्टॉक स्टेटमेंट आज अंदाजाने भरलं जात असेल. रीलची नोंद सुरू झाली की तेही खरं निघेल, आणि लिमिट वाढवायच्या वेळी जीएसटीच्या आकड्यांशी जुळेल.

या तीन गोष्टी अंगवळणी पडल्या की मग ईआरपीचा विचार करा, आणि तेव्हाही पूर्ण पॅकेज नको. उत्पादन आणि स्टॉक एवढंच, टॅलीला जोडलेलं. विकायला येणाऱ्याला डेमो त्याच्या डेटावर दाखवू देऊ नका. तुमचेच दहा रील आणि पाच जॉब त्याला द्या आणि स्टोअरच्या माणसाला शेजारी बसवा. नोंद तो माणूस स्वतः करू शकला तरच पुढे बोला. आपला सगळा डेटा एक्सेलमध्ये बाहेर काढता येतो का हे लेखी घ्या, बॅकअप कुणाच्या ताब्यात राहील ते विचारा, आणि शिफ्ट चालू असताना अडलं तर सांवेर रोडवर येऊ शकेल असा माणूस त्यांच्याकडे इंदुरात आहे का, हेही. दिल्ली-बंगळुरूच्या हेल्पलाइनवर रात्रपाळीचा ऑपरेटर थांबत नाही, तो वही उघडतो.